ज्याला कमी कळतं त्याने आधी बोलायचं

नाशिकला बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो. फार तर लग्नाच्या हॉलमागे गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी. निफाडकडे एखाद्या थंडीत द्राक्षाच्या पानांवर दव गोठतं, त्याचा फोटो पेपरात येतो आणि आम्ही दोन दिवस काश्मीरला राहत असल्यासारखे मफलर गुंडाळून हिंडतो. एवढ्या भांडवलावर मी, वय वर्षं छप्पन्न, यंदा जानेवारीत हिमाचलात बर्फातून डोंगर चढायला गेले. हौस म्हणून गेले नाही. दादा गेला म्हणून गेले.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. सगळी नोकरी मातीच्या धरणांवर गेली. रविवारी मात्र तो घरच्यांचा नसे, गडांचा असे. अंजनेरी, हरिहर, साल्हेर, जिथे वाट आहे तिथे आणि जिथे नाही तिथेही त्याने माणसं नेली. मी नववीत असल्यापासून त्याच्या मागे. गडावर कायदा एकच, दादा म्हणेल ती वाट. पंचवटीत आमचं औषधांचं दुकान आहे. चिठ्ठी नसताना झोपेच्या गोळ्या मागणाऱ्यांना मी रोज तोंडावर नाही म्हणते, मग तो नगरसेवक का असेना. पण दादाला कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

चोवीस वर्षांचा असताना दादा हिमाचलात एका खिंडीच्या तोंडापर्यंत गेला होता. तिकडे खिंडीला जोत म्हणतात. बरोबरच्या मुलाला ताप भरला म्हणून सगळे मागे फिरले. त्यानंतर चाळीस वर्षं लग्नात, बारशाला, सुतकातसुद्धा तो ‘आमचा जोत’ म्हणून त्याबद्दल बोलत आला. यंदा डॉक्टरांनी सांगितलं की गुढीपाडव्यानंतर दोन्ही गुडघे बदलायचे, आणि त्यापुढे बागेत फिरा, जिने चढा, बर्फाचं आणि गडांचं नाव काढू नका. दादा म्हणाला, “मग पाडव्याच्या आधी जातो.” वहिनी माझ्याकडे आली. “तू जा बाई सोबत. तुझं ऐकतो तो,” म्हणाली. हा वहिनीचा गैरसमज कुठून झाला, देव जाणे.

तिसरा सोमा. त्र्यंबकच्या पुढे त्याचा पाडा आहे, भात आणि नागली करतो, आणि वीस वर्षं दादाच्या प्रत्येक अवघड गडावर दोर खांद्यावर टाकून तोच पुढे असतो. त्याला मी विचारलं, “सोमा, बर्फ बघितलायस का कधी?”

“आइस्क्रीमच्या गाडीत बघितलाय की ताई. साहेब जातेत म्हटल्यावर मी हायच.”

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या वाटाड्यानेच तसं सांगितलंय. कुणीतरी छापतं, मग पुढच्या जानेवारीत चार पोरं कॅनव्हासचे बूट घालून येतात आणि शोधायला गावातल्यांना जावं लागतं.

वाटाड्याचं नाव चुनीलाल. पन्नाशीचा, बुटका, उन्हाळ्यात स्वतःच्या सफरचंदांच्या बागेत आणि हिवाळ्यात बर्फात. त्याची हिंदी डोंगरी आणि माझी रिक्षावाल्यांकडून शिकलेली, त्यामुळे इथे तो मराठीत बोलेल. मूळ बोलणं ह्याहून गोड होतं असं समजावं.

पहिल्या संध्याकाळी त्याच्या बायकोने सिड्डू केले. आंबवलेल्या कणकेचा जाड गोळा, आत अक्रोड आणि खसखस, वाफेवर उकडलेला, वर चमचाभर नाही, वाटीभर तूप. मला आमच्या नागपंचमीच्या दिंडांची आठवण झाली, फक्त हे तिखटमिठाचे. मी नेलेला ठेचा डबीत दगड होऊन बसला होता. तो चुलीपाशी ठेवून वितळवला आणि चुनीलालच्या बायकोने बोटभर चाखून पाहिला. मग पाणी प्यायली, आणि पुन्हा बोटभर घेतला. तिथून पुढे आमचं जमलं.

दुसऱ्या दिवशी शाळा. प्रत्येकाच्या छातीला एक यंत्र बांधलं, त्याला बीकन म्हणतात. बर्फाखाली गाडलं गेलं तर वरच्याला त्याच्या आवाजावरून माणूस सापडतो. मग लांब सळई टोचून बघायची, आणि मग फावडं. दादाने बीकनच्या शेजारच्याच खिशात मोबाइल ठेवला होता, त्यामुळे ते खुळ्यासारखं कुठेही बोट दाखवत राहिलं. सोमाने मात्र चुनीलालने पुरलेली पिशवी पहिल्याच खेपेला शोधली. “खेकड्याचं बीळ हुडकायचं तसंच हाय,” म्हणाला.

जेवणानंतर चुनीलालने मोबाइलवर सरकारी पत्रक वाचून दाखवलं. हिमस्खलनाचा धोका एक ते पाच आकड्यांत सांगतात. त्या दिवशी तीन होता.

“पाचात तीन म्हणजे साठ टक्के,” दादा म्हणाला. “फर्स्ट क्लास झाला की.”

चुनीलाल हसला नाही. “सर, पाच असतो तेव्हा कुणी दार उघडत नाही. चारला माणूस घाबरून घरी बसतो. तीनला निघतो.”

मग आम्ही गावामागच्या उतारावर कमरेएवढा खड्डा खणला. ह्या एका गोष्टीसाठी तरी मी तिथे गेल्याचं मला समाधान आहे. खड्ड्याची भिंत फावड्याने सपाट केल्यावर सबंध हिवाळा तिच्यात दिसतो. वरचा हातभर बर्फ मऊ, दोन दिवसांपूर्वीचा. त्याखाली टणक थर, बोट जाईना. आणि सगळ्यात खाली, जमिनीलगत, राखाडी, भुसभुशीत असं काहीतरी. चुनीलालने मूठभर काढून माझ्या हातावर ठेवलं. रवाळ साखर. दाबून लाडू वळायला गेले तर वळेना, बोटांतून गळून गेली.

दादा लगेच गुडघ्यावर बसला, गुडघे विसरून. थर हा त्याचा प्रांत. “हे उलटं कसं? तळ तर सगळ्यात पक्का पाहिजे. आम्ही मातीचा थर टाकतो, पाणी मारतो, रोलर फिरवतो, मग दुसरा थर. वरचं वजन जसं वाढतं तसा खालचा थर घट्ट होतो.”

चुनीलालने समजावून सांगितलं. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडतो तो थोडा. मग महिनाभर आकाश मोकळं, वर मरणाची थंडी, खाली जमीन ऊबदार. त्या दोघींच्या मधे सापडून तो पातळ बर्फ आतल्या आत सुटा होतो, कण कणाला धरत नाही. त्यावर जानेवारीचा जड बर्फ येऊन बसतो. “तुमच्या मातीचं म्हातारपण वेगळं, आमच्या बर्फाचं वेगळं,” म्हणाला.

त्याने बर्फाचा हातभर रुंद खांब चारी बाजूंनी कापून मोकळा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि त्यावर चापट्या मारायला लागला. दहा मनगटातून, मग कोपरातून. कोपरातल्या तिसऱ्या चापटीला वरचा सगळा ठोकळा तळाच्या साखरेवरून सरकला आणि दादाच्या मांडीवर येऊन बसला. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. दादाने तो कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिला.

त्याच संध्याकाळी चुनीलालने आपला नियम सांगितला. रोज निघताना आणि प्रत्येक मोठ्या उतारापाशी तो सगळ्यांना विचारतो, जायचं की नाही. ज्याला बर्फातलं सगळ्यात कमी कळतं त्याने आधी बोलायचं. मग त्याहून जास्त कळणाऱ्याने. चुनीलाल सगळ्यांत शेवटी. एकाने जरी नको म्हटलं तर सगळे मागे, आणि कारण मागायचं नाही.

“हे उफराटंच आहे,” दादा म्हणाला. “ज्याला कळतं त्याने आधी बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं.”

“मी आधी बोललो तर बाकीचे बोलतच नाहीत, सर. सगळे मान हलवतात. मग माझ्या दोन डोळ्यांवर चार माणसं चालतात.”

दादा एकदा बर्फात आला होता, म्हणून त्याचा नंबर तिसरा. पहिला सोमा, दुसरी मी. चुनीलालने तालीम म्हणून विचारलं, “सोमाजी, उद्या निघायचं?”

सोमा म्हणाला, “साहेब म्हणतील तसं.”

“दीदी?”

“दादा म्हणेल तसं,” मी म्हणाले.

चुनीलालने कपाळाला हात लावला.

वरचं कुरण

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून दुपारपर्यंत वरच्या कुरणावर पोचायचं होतं. तिथे मेंढपाळांची दगडी खोपी असते, हिवाळ्यात रिकामी. पायात बर्फाचे रुंद जाळीदार बूट. ते घालून माणूस बदकासारखा चालतो आणि तासाभराने मांड्या भरून येतात. देवदारांचं जंगल होतं तोवर गंमत होती. फांद्यांवरून बर्फ सटकून मानेत जायचा. सोमा दर दहा मिनिटांनी “लय भारी, लय भारी” म्हणायचा.

जंगल संपल्यावर एक छोटा उघडा उतार आडवा ओलांडायचा होता. चुनीलाल आधी एकटा पलीकडे गेला आणि दादाला खूण केली. दादा निघाला, मधोमध पोचला, आणि थांबला. मागे वळून माझ्यासाठी हात पुढे केला. त्याची ही चाळीस वर्षांची सवय. हरिहरच्या पायऱ्या असोत की कुठला कातळ, अवघड जागी दादा थांबतो, हात देतो, आणि सगळे साखळी करून जातात. मागच्याला एकटं सोडायचं नाही, हे आमच्याकडे दुधाबरोबर पाजलेलं. त्याचा हात दिसला आणि माझे पाय आपोआप निघाले. माझ्या मागे सोमा. उताराच्या बरोबर मधे आम्ही तिघं एकमेकांचे हात धरून उभे.

पलीकडून चुनीलाल ओरडला. इतका शांत माणूस असा ओरडेल असं वाटलं नव्हतं. आम्ही हात सोडले आणि अंतर ठेवून एकेक करून गेलो. पलीकडे पोचल्यावर तो पुन्हा हळू बोलायला लागला.

“एक गाडला गेला तर तिघं खणतील. तिघं गाडले गेले तर मी एकटा कुणाकुणाला खणू?”

दादाला हे लागलं. “माणूस अडचणीत असताना लांब उभं राहून बघायचं, हे आम्हाला शिकवलेलं नाही,” म्हणाला.

“बघायचंच, सर. डोळे न हलवता बघायचं. कुठे नाहीसा झाला ते ज्याने पाहिलं, तोच त्याला काढतो.”

दुसऱ्याचा मुद्दा पटला की दादा बुटाचे पट्टे आवळतो. त्याने पट्टे आवळले.

कुरण सपाट होतं. आम्ही आता शिस्तीत, लांब लांब चालत होतो. अचानक पायाखालून आवाज आला, धप्प. पोट भरलेल्या म्हशीने बसकण मारावी तसा. माझ्या पायाखालचा बर्फ बोटभर खाली गेला आणि माझ्यापासून सोमापर्यंत पृष्ठभागावर एक बारीक चीर पळत गेली.

दादा खूश झाला. “बसलं! बघ मधू, आता पक्कं झालं.” मला त्याचं म्हणणं लगेच कळलं. लहानपणी तो मला धरणाच्या कामावर नेई. नवा भराव पहिल्या पाण्याला असाच धप्प करून बसतो, आणि तो बसला की मुकादम पेढे मागवतो. भराव बसणं ही शुभ गोष्ट.

चुनीलाल जागेवर उभा होता आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. “बसला नाही, सर. तळ मोडला.” खालची साखर एकदम ढासळली आणि वरची सबंध लादी खाली आली. इथे सपाट होतं म्हणून ती कुठे गेली नाही. उतारावर तीच लादी माणसासकट निघते. एवढं सांगून तो पुढे चालायला लागला. मला त्यानंतर खोपीपर्यंतचं काही आठवत नाही, मी फक्त पायाखाली बघत होते.

खोपीतून जोत दिसला. दोन काळ्या सुळक्यांच्या मधे पांढरी झोळी, आणि तिच्यात दगडांचा एक ढीग, त्याला बांधलेल्या चिंध्या. दादा दारात उभा राहून पाहत होता. चहा गार झाला तरी पाहत होता. मग म्हणाला, “तेव्हा ह्या दगडांपर्यंत अर्धा तास उरला होता, मधू.” त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही. मला फार वाईट वाटलं. काहीही होवो, ह्याला तिथे न्यायचंच, असं मी मनाशी ठरवलं.

तो पाय शेकत बसल्यावर सोमा माझ्याजवळ आला. भाकरीसाठी नागलीचं पीठ त्याने घरून आणलं होतं, ते मळत हळू आवाजात म्हणाला, “ताई, मघाचा आवाज मला काय बरा नाय वाटला.”

“मग उद्या तसं सांग. तुझा पहिला नंबर आहे.”

“मी कसं सांगू? साहेबांनी माझ्या पोरीच्या शाळेसाठी किती खेटे घातले. त्यांच्या एवढ्या वर्षांच्या इच्छेत मी खोडा घालू? तुमी घरच्या. तुमी बोला.”

“मी आजवर बोलले नाही रे त्याच्यापुढे.”

“ते बी खरंच,” सोमा म्हणाला आणि भाकरी थापायला लागला.

जोताखाली

सकाळी आकाश निळंशार. वारा रात्रभर वाहिला होता, आता पडला होता. खोपीतून निघताना चुनीलालने विचारलं तेव्हा सगळ्यांनी होकार दिला, कारण पहिला तासभर वाट सपाटीवरून होती. त्या तासात दोनदा धप्प झालं.

मग तो उतार आला. जोताच्या खालचा, रुंद, गुळगुळीत, एकही झाड नसलेला. गडावर असा सरळ, मोकळा चढ दिसला तर आम्ही देवाचे आभार मानतो. रात्रीच्या वाऱ्याने वरच्या कडेला बर्फाची उशी रचून ठेवली होती आणि त्यावर नुकतं ऊन आलं होतं. वर दगडांच्या ढिगाच्या चिंध्यांचे रंग ओळखता येत होते. एक लाल होती.

दादाच्या गुडघ्यांना पट्टे होते, दोन गोळ्या मीच सकाळी दिल्या होत्या. तो घामाघूम झाला होता आणि हसत होता. मधे वहिनी आजारी पडली, त्यानंतर इतका हसरा मी त्याला पाहिला नव्हता.

चुनीलाल म्हणाला, “सोमाजी.”

सोमाने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. “साहेब म्हणतील तसं.”

“दीदी.”

मला उताराची भीती कमी वाटत होती आणि दादाच्या चेहऱ्याची जास्त, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. एक हो म्हटलं की संपलं. पुढचं दादा आणि चुनीलाल बघतील, त्यांना कळतं, मला काय कळतं? आणि तेवढ्यात लक्षात आलं, की मला काही कळत नाही म्हणूनच मला आधी विचारतायत. मला जे दिसतं तेवढंच सांगायचंय. मला दिसत होती ती हातातून गळलेली साखर, आणि तीन वेळा ऐकलेला तो आवाज.

“मला नको वाटतंय,” मी म्हणाले.

दादाला वाटलं मी दमले. “बस दोन मिनिटं. पाणी पी.”

“दमले नाही दादा. मला हा उतार नको वाटतोय. आपण जाऊ नये.”

“अगं पण का? समोर तर आहे!” मग त्याला नियम आठवला आणि तो थांबला. त्याने चुनीलालकडे पाहिलं. “तुझं काय मत आहे?”

“आता माझं मत लागत नाही, सर.”

“तरी सांग ना.”

“नाही सांगणार.”

दादा वळून जोताकडे पाहत राहिला. सोमा बर्फावर काठीने रेघा ओढत होता. मला रडू येत होतं आणि चष्म्याच्या आत डोळे पुसता येत नव्हते. शेवटी दादाने गुडघ्याचे पट्टे सैल केले.

“चला,” म्हणाला, आणि सगळ्यांत आधी तोच मागे फिरला.

खोपीपर्यंत तो पुढेच चालत राहिला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने नुसता चहा प्यायला, कप स्वतः विसळला आणि पडून राहिला. गुडघे टम्म सुजले होते. त्या दिवशी उतरणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथेच मुक्काम वाढला.

चुनीलाल बाहेर लाकडं फोडत होता. मी त्याला गाठलं. “आता तरी सांगा. तुम्ही काय म्हणणार होतात?”

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. “हो म्हणणार होतो, दीदी. डाव्या कडेने, एकेक करून.”

“मग मी उगाच…”

“पूर्ण ऐका. सरांचे गुडघे बघून, ह्यांना परत येता येणार नाही म्हणून हो म्हणणार होतो. बर्फ बघून नाही. सकाळपासून मी बर्फाकडे बघत होतो आणि मला सरच दिसत होते. असं माझं होतं, मला माहीत आहे. म्हणून मी शेवटी बोलतो.”

हे मी दादाला सांगितलं नाही. सोमालाही नाही.

पाच जण

दुसऱ्या दिवशी सकाळी, गावातून रात्रीच निघालेले पाच तरुण वर आले, पायात लांब पट्ट्यांच्या स्की, रंगीत कपडे. खोपीपाशी थांबले, आमचा चिवडा खाल्ला आणि जोताकडे गेले. चुनीलालने त्यांना ते आवाज, तो थर, सगळं सांगितलं. त्यांच्यातला एकजण म्हणाला, “हम देख लेंगे.”

दादा दारात बसून होता. पाच ठिपके त्या उतारावर चढताना दिसले. मी माझ्याच नकळत हात जोडले होते. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं ते चांगलं नव्हतं. त्यांना काही होऊ नये असं वाटत होतं, आणि तो उतार थोडा तरी हलावा, नुसता कोपरा तरी, असंही वाटत होतं.

काही झालं नाही. ठिपके लाल चिंधीपाशी पोचले. दुपारी ते पाचही जण गोल गोल वळणं घेत खाली आले, लालबुंद गालांनी, आणि आम्हाला फोटो दाखवले. जोतापलीकडे एकामागे एक शिखरं होती. दादाने चष्मा लावून प्रत्येक फोटो पाहिला. शेवटच्या फोटोत एकाने दगडांच्या ढिगाला टेकून दात काढले होते.

“छान आलेत,” दादा म्हणाला आणि मोबाइल परत दिला.

तो उतार आजही तसाच असेल, किंवा नंतर कधीतरी सुटलाही असेल. आम्हाला कधीच कळणार नाही. हिमस्खलनावर लिहिताना लोक आवाजाचं, धुरळ्याचं वर्णन करतात. माझ्याकडे तसलं काही नाही. मी पाहिलेला उतार जागचा हलला नाही.

नाशिक

परतल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारायचा, “काय, झाला का जोत?” दादा म्हणायचा, “नाही झाला. मधूने नको म्हटलं.” बस, एवढंच. मी दर वेळी जीव मुठीत धरून पुढच्या वाक्याची वाट पाहायची, की दुसऱ्या दिवशी पाच पोरं हसत खेळत जाऊन आली. ते वाक्य त्याने एकदाही उच्चारलं नाही. मलाच राहवायचं नाही, आणि मी ते सांगून टाकायची. तेव्हा तो उठून आत जायचा.

पाडव्यानंतर त्याचे दोन्ही गुडघे बदलले. ऑपरेशन नीट झालं. आता उशीवर पाय ठेवून पडलेला असतो, व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीशी भांडतो, आणि सोमा आठवड्याला येऊन त्याला गडांच्या बातम्या देतो.

हे सगळं मी लिहून काढलं आणि छापायला देण्याआधी त्याला वाचायला दिलं. चुनीलालच्या ‘हो’चं पान काढून टाकावं की ठेवावं, हे दोन दिवस ठरत नव्हतं. शेवटी ठेवलं. दादा ओळ न ओळ वाचणारा माणूस. त्या पानावर तो थांबलेला मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसला.

मी जवळ जाऊन म्हणाले, “सांगायला हवं होतं तुला तेव्हाच. त्याचं हो होतं दादा. माझ्या एकटीमुळे राहिला तुझा जोत.”

“मला तिथेच कळलं होतं,” तो म्हणाला. “आपण बोलत होतो तेव्हा तो डाव्या कडेकडे तोंड करून, निघायच्या तयारीनेच उभा होता. मी काय आंधळा आहे?”

“मग मागे का फिरलास?”

त्याने कागद सारखे करून माझ्या हातात दिले.

“त्याने नको म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. पण तू म्हणालीस. अगं, मला नाही म्हणायला तुला किती जड गेलं असेल, ते मला नाही तर कुणाला कळणार?”